एकत्र जमण्याचे ठिकाण

पेण, ४ नोव्हेंबर २०२५

ताई,

वर काय लिहावं तेच सुचेना. साष्टांग नमस्कार लिहिलं, फाडलं. कशी आहेस लिहिलं, तेही फाडलं. नवरा जाऊन अठरा दिवस झालेली बाई कशी असणार! म्हणून नुसतं ताई.

ऋतुजाला फोन केला होता. ती म्हणाली, "मामा, फोन नको करूस. तुझं नाव ऐकलं की आई उठून गॅलरीत जाते आणि दार लावून घेते." लेकीकडे रोह्याला राहायला गेलीस ते बरंच केलंस, पण एवढं दार लावण्यासारखं मी काय केलंय, ते मला कळत नाही. म्हणजे कळतं. पूर्ण कळत नाही. पत्राला तरी तू पाठ दाखवणार नाहीस असं वाटलं. आई गेल्यावर माझं दप्तर तूच बघितलंस, चौथीपर्यंत अक्षर तूच गिरवून घेतलंस. आता ते बिघडलंय, सांभाळून घे.

भावजींच्या तेराव्याला मी आलो होतो. ओट्यावर बसलो. आतून तुझा आवाज आला, "त्याला सांगा, जेवून जा." मला नाही सांगितलंस, 'त्याला सांगा' म्हणालीस. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्यास तर चाललं असतं गो. मी जेवलो, पानात काही टाकलं नाही, आणि गावाबाहेर गाडी उभी करून सगळं ओकलो.

एक सांगायचं राहिलंय. ८ ऑक्टोबरला मी गावात नव्हतो. वडखळच्या नाक्यावर अडकलो होतो. एक ट्रेलर आडवा झाला होता, त्यावरच्या लोखंडी पत्र्याच्या गुंडाळ्या रस्त्यावर आल्या होत्या, क्रेन यायला पाऊण तास लागला. भोंगा वाजला तेव्हा मी तिथे, उन्हात, हेल्मेट हातात घेऊन उभा. गावात असतो तर भावजींना अडवलं नसतं का? तूच सांग.

पेपरातली बातमी तुझ्या वाचनात आलीच असेल. समुद्रातल्या विहिरींमधून येणारी गॅसची पाइपलाइन, खाडीच्या बांधाजवळ तिचं व्हॉल्व्ह स्टेशन, तिथे गळती, भडका, तीन शेतकरी भाजले, त्यातल्या एकाचा नऊ दिवसांनी मृत्यू. आपल्या माणसाचं नावसुद्धा धड छापलेलं नाही, गुणाजीचं गणाजी केलंय. आणि खाली कंपनीचं निवेदन. "ग्रामस्थांना प्रशिक्षण देण्यात आले होते. मयताने सूचनांचे उल्लंघन करून धोक्याच्या क्षेत्रात प्रवेश केला."

ती ओळ मी लिहिलेली नाही. मी कंपनीचा पगार घेत असलो तरी माणूस गावचाच आहे, कार्डावर 'ग्रामसंपर्क अधिकारी' उगीच छापलेलं नाही. ती ओळ मागे घ्यायला लावायचं मी बघतो. तू त्याची काळजी करू नकोस.

तुझा
प्रविण


पेण, २१ नोव्हेंबर २०२५

ताई,

तू पत्र वाचलंस, एवढं कळलं. ऋतुजा म्हणाली, "आईने दोनदा वाचलं, घडी घालून ठेवलं." आणि मग संध्याकाळी भाजी निवडताना एकच वाक्य बोललीस म्हणे. ते तिने मला जसंच्या तसं सांगितलं: "त्याला सांग, माझा मानूस येडा नव्हता. येवढं लिवून आन."

बस, एवढंच मागितलंस. ताई, खरं सांगतो, तू नोकरीला लाथ मार म्हणाली असतीस तर सोपं गेलं असतं.

आता इकडची हकीकत. सुरक्षा मंडळाकडून चौकशीला एक बाई आल्यात, रोहिणी मॅडम. मंडळ म्हणजे गॅसच्या कंपन्या नियम पाळतात की नाही ते बघणारं सरकारी खातं. बाई बारीक आवाजात बोलतात, पण मान वर करून बघतात तेव्हा आपण शर्टाचं बटण लावलंय ना असं तपासावंसं वाटतं. त्यांनी मला पहिलाच प्रश्न केला, "गळतीचा सायरन झाल्यावर माणसं लांब पळतात. तुमच्या गावातली माणसं फावडी घेऊन गळतीच्या दिशेने का पळाली?"

मी म्हटलं, मॅडम, आमची शेतं भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. खाडी आणि भात यांच्यामध्ये एकच मातीचा बांध. त्याला खांड पडली, म्हणजे तो फुटला, की खारं पाणी आत, आणि मग तीन वर्षं तिथे गवत धड उगवत नाही. म्हणून आमच्याकडे भोंगा वाजला की घरटी एक माणूस, एक फावडं, आणि बांधाकडे पळायचं. कोण विचारत बसत नाही कशाला वाजला. जो मागून पोचतो त्याने मारुतीला नारळ द्यायचा. आजा-पणज्यापासून असंच. आणि त्या दिवशी कोजागिरीनंतरचं उधाण, भरदुपारची भरती, शेतात भात कापणीला आलेलं. माणसं दुसरं काय समजणार?

मॅडमनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "हे तुम्हाला माहीत होतं?"

"मॅडम, मी त्याच गावचा."

"मग कंपनीला सांगितलं होतंत?"

मी पाणी प्यायलो. म्हटलं, आठवून सांगतो.

दुसरं त्यांनी काढलं ते ड्रिलचं. गॅस सुरू करायच्या आधी गावात सराव घ्यायचा असा नियम आहे. हा भोंगा झाला की बांधाकडे नाही, वाऱ्याला आडवं चालत शाळेच्या पटांगणात यायचं. कंपनीच्या फायलीत त्या सरावाच्या हजेरीचा कागद आहे, १८ फेब्रुवारी, गावातल्या बऱ्याच जणांच्या सह्या, त्यात भावजींचीही. त्या कागदाच्या जोरावरच ती ओळ उभी आहे. आता तुला माहीत आहे, असा सराव काही झालेला नाही. ऑफिसात गोंधळ झाला असावा. डोळे तपासणीच्या शिबिराला सगळ्यांनी चष्म्यांसाठी सह्या केल्या होत्या, तो कागद चुकून ड्रिलच्या फायलीत लागला असावा. मी शोध घेतोय.

आमचे जितेश साहेब माझ्याशी सध्या फार गोड बोलतात. म्हणाले, "प्रविण, तू दमलायस. गुजरातच्या किनाऱ्यावर नवीन काम निघतंय, तिकडे जा, वरची पोस्ट देतो." मी अजून हो म्हटलेलं नाही. त्या दिवशी वडखळला अडकलो नसतो तर हे काही झालंच नसतं, असं सारखं मनात येतं.

प्रविण


पेण, १४ डिसेंबर २०२५

ताई,

मागच्या पत्रात 'लागला असावा' असं लिहिलं. तीन आठवडे ते दोन शब्द माझ्या डोक्यात भुणभुणतायत. कागद आपापले फायलीत जाऊन बसत नाहीत. मी लावला.

सांगतो सगळं. ड्रिल मंगळवारी सकाळी ठरलं होतं. मी नारिंगी जाकीट घालून, कर्णा घेऊन गावात गेलो, तर गाव रिकामं. फेब्रुवारी म्हणजे मिठाचे दिवस, सगळे मिठागरावर. तिथे गेलो. काशीबाई फळी घेऊन मीठ ओढत होती. म्हटलं, काशीबाई, चला शाळेत, अर्ध्या तासाचं काम आहे, पळायचं शिकवायचंय. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "तुजा सायेब येतो काय मीठ वडायला? तो वडू दे, मंग आमी पलतो!" सगळे हसले. भावजी पण हसले. मीही हसलो, आणि खरं सांगू, मला बरंच वाटलं. कोण उन्हात ओरडत बसणार? गावाला नाराज करायचं नाही हीच तर माझी नोकरी. पाइप गावातून नेताना एकही मोर्चा निघाला नाही म्हणून साहेबांनी माझा सत्कार केला होता ना, शाल-श्रीफळ देऊन. माझं कर्तृत्व एवढंच की मी कधी कुणाला नको ते सांगितलं नाही.

दोन दिवसांनी जितेश साहेबांचा फोन. "शुक्रवारी मंडळाची माणसं येतायत. ड्रिलचा कागद टेबलावर पाहिजे." म्हटलं, साहेब, ड्रिल झालं नाही, पुढच्या महिन्यात घेऊ. ते म्हणाले, "मी ड्रिल मागितलं का? मी कागद मागितला." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. पुढचं सगळं माझं. चष्म्यांच्या हजेरीचा कागद माझ्याच बॅगेत होता. वरच्या मथळ्यावर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर 'आपत्कालीन सराव, उपस्थिती' टाइप केलेलं, आणि पेण स्टँडसमोर झेरॉक्स काढली. झेरॉक्सवाल्याने वर बघितलंसुद्धा नाही. काम एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात घेऊ म्हणालो होतो ते मनापासून, ताई. पण कागद झाल्यावर ड्रिलची गरज कुणालाच राहिली नाही, मलासुद्धा नाही.

आणि भोंग्याचं. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मंडळाचा नियम होता, गॅसचा सायरन वेगळा हवा, स्टेशनाजवळच्या खांबावर, आवाज वेगळा. मीच म्हटलं, साहेब, कशाला दोन? मारुतीच्या देवळावरचा गावाचा हाताने फिरवायचा भोंगा गंजलाय, तोच बदलून विजेवरचा द्या. गाव खूष, आपलंही काम होईल, एकाच भोंग्यात दोन्ही. बांधासाठी सलग वाजवायचा, गॅससाठी तुटक. साहेबांनी टेबलावर थाप मारली, "याला म्हणतात ग्रामसंपर्क!" मंडळाला उत्तर पाठवलं, त्याचा मसुदा माझा. "ग्रामस्थांच्या सोयीसाठी एकच यंत्रणा." मंडळाने वर्षभरात त्यावर काही विचारलं नाही, मंडळातले लोकही आता रोहिणी मॅडमना उत्तर देत बसलेत.

नव्या भोंग्याला नारळ भावजींनीच फोडला, तू होतीस तिथे. पण तू प्रसाद वाटायला गेलीस तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं. "पव्या, आता कल्नार कसा, कोनता कशाचा?" मी म्हटलं, "भावजी, सरावाच्या दिवशी शिकवू की, काय घाई हाय?" ते म्हणाले, "व्हय, पन इसरू नको." झालं. एवढंच बोलणं. गावात ज्या एका माणसाला नेमका प्रश्न पडला होता, त्याच्याबद्दल पेपरात छापून आलं की त्याने सूचनांचे उल्लंघन केले.

मला लाज वाटते. नुसती लाज म्हणून भागत नाही, पण दुसरा शब्द मला येत नाही.

प्रविण


पेण, ९ जानेवारी २०२६

ताई,

ऋतुजा म्हणाली, या वेळचं पत्र वाचून तू एकच विचारलंस, "अजून काय हाय?" मग मी घाबरलो. अजून काय असणार? सगळं तर लिहिलं.

काल केरूला बघायला गेलो. भावजींच्या मागे दहा पावलांवर होता म्हणून वाचला. हात अजून पट्ट्यांत आहेत, बायको घास भरवते. मला बघून म्हणाला, "ये, बस. चाय घे." असं काही बोलतात ही माणसं की ऐकणाऱ्याला उठून जावंसं वाटतं. मी विचारलं, केरू, वास नाही आला का रे तुम्हाला? तो म्हणाला, "आला ना. कुजक्या अंड्यासारा. पन भरतीला बांधाच्या दाराशी, उघाडीपाशी, चिखलबी तसाच घान मारतो. आनि आमी गॅसकडं नाय पललो, प्रविण. आमी भाताकडं पललो." वारा खाडीकडून होता. बांधाच्या आतल्या खोलगट भागात गॅस साठला होता, तिथे पहिले भावजी उतरले, मग कुणीतरी पाणी उपसायच्या पंपाच्या इंजिनाला हँडल मारलं आणि भडका झाला. कुणी मारलं ते केरू सांगत नाही, आणि मी विचारलं नाही.

आता सोळा तारखेला जाहीर सुनावणी आहे, शाळेच्या हॉलमध्ये. त्यानंतर मॅडमचा अहवाल कायम होईल. ती ओळ त्यात राहिली तर कायमची राहिली. भावजींच्या नावावर सरकारी शिक्क्यानिशी लागेल की सांगूनसुद्धा ऐकलं नाही आणि स्वतःच्या हाताने मेला. उद्या ऋतुजाची पोरं मोठी होऊन वाचतील ते.

जितेश साहेबांनी परवा केबिनमध्ये बसवलं. चहा मागवला, दार लावलं. "तुला काही खोटं बोलायचं नाही, प्रविण. फक्त 'माझ्या माहितीप्रमाणे सराव झाला' एवढं म्हण. माहितीप्रमाणे! त्यात कोण पकडतंय?" मग म्हणाले, "आणि दुसरं काही बोललास तर पट्टी कुणी चिकटवली ते आम्हालाही सांगावं लागेल. कंपनी तुझ्यावर केस करील. मुलीचं कॉलेज आहे ना?" सभ्य माणूस आहे, आवाज जराही चढवला नाही.

घरी सांगितलं. बायकोने तांदळाचं ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "ताईंनी तुम्हाला वाढवलं. आता विचार कसला करताय?" आणि कुकर लावायला उठली. मी तिथेच ठरवलं. सोळा तारखेला मी सांगणार. पट्टी, झेरॉक्स, भोंगा, सगळं. पोलीस केस होऊ दे, नोकरी जाऊ दे.

मॅडमनी मधे विचारलं होतं, वडखळला किती वाजता होतात. बारा ते एक म्हणून सांगितलं. ते लिहून झालं.

तू येऊ नकोस सुनावणीला. तुला त्रास होईल.

प्रविण


पेण, १८ जानेवारी २०२६

ताई,

तू आलीस.

मी उभा राहिलो आणि दुसऱ्या रांगेत तू दिसलीस, ऋतुजाच्या शेजारी, भावजींना आवडायचं ते हिरवट लुगडं नेसून. मी हातातलं टिपण खिशात घातलं आणि तोंडानेच बोललो. बोललो ते तू ऐकलंस. पट्टी मी चिकटवली. सराव झाला नाही. दोन कामांना एक भोंगा ही अक्कल माझी. गुणाजींनी मला विचारलं होतं आणि मी टोलवलं. जितेश साहेब तेव्हा मोबाईलमध्ये बघत होते. काशीबाई मागून ओरडली, "मेल्या, आमचं चष्मं दावून आमालाच फशवलंस!" आणि कुणी तिला गप्प केलं नाही, ते बरोबरच होतं.

मॅडमनी ती ओळ सगळ्यांसमोर लाल पेनाने खोडली. वाचूनही दाखवलं, "मयतास कोणतेही प्रशिक्षण देण्यात आले नव्हते. त्याचे वर्तन गावाच्या रूढ पद्धतीस धरून होते." तुला हवं होतं ते सरकारी भाषेत मिळालं. मला वाटलं, झालं. खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, देवाशपथ. मला वाटलं आता तू माझ्याकडे बघशील.

तू बघितलंस. मॅडमनी विचारलं, "ताई, तुम्हाला या गृहस्थांना काही विचारायचंय का?" तू उठलीस. मला वाटलं तू रडशील किंवा मारशील. तू एवढंच विचारलंस, "त्या दिशी तू कुठं व्हतास?"

आणि मी म्हटलं, "वडखळला, ताई. ट्रेलर आडवा झाला होता."

तू "बरं" म्हणालीस आणि बसलीस.

बाहेर फाटकाशी ऋतुजाने मला गाठलं. तू रिक्षात जाऊन बसली होतीस. ऋतुजा म्हणाली, "मामा, बाबांना चौथ्या दिवशी शुद्ध होती. बोलत होते. आईला सारखं विचारत होते, पव्या कसा हाय, पव्या भाजला नाय ना, तो माज्या मागंच व्हता. आईने त्यांना सांगितलं, प्रविण बरा आहे. मग ते झोपले." तिच्या आवाजात राग नव्हता. "आईला तेव्हापासून माहीत आहे. ती तुझी पत्रं वाचत होती ती त्याच्यासाठी."

म्हणजे तू तीन महिने वाट बघत होतीस. मी तुला पुन्हा पुन्हा वडखळ लिहिलं, आणि तू प्रत्येक पत्र दोनदा वाचलंस. देवा रे.

तर ऐक. आता मी काही सावरून लिहीत नाही.

मी गावात होतो. ग्रामपंचायतीच्या समोर गाडीवर बसून सरपंचांची वाट बघत होतो. बारा वाजून गेले होते. भोंगा झाला. तुटक. तीन आखूड, थांबा, तीन आखूड. मला तो लगेच ओळखू आला. त्याचा प्रकार मीच कागदावर लिहिलेला, आणि कंपनीच्या आवारात दोन दिवसांचं ट्रेनिंग मला मिळालेलं, सर्टिफिकेट घरी भिंतीवर आहे. पण मी हललो नाही. पहिला विचार काय आला, सांगू? आता ओरडलो की "हा बांधाचा नाय, गॅसचा हाय, मागं फिरा", तर सगळे विचारतील, हे आम्हाला आधी का नाही सांगितलं? मग ड्रिल निघेल. मग कागद निघेल. हा विचार मी केला, ताई, भोंगा वाजत असताना. किती वेळ केला ते मला सांगता येणार नाही. फार नसेल. पण तेवढ्यात घराघरांतून माणसं निघाली.

भावजी आपल्या गल्लीतून आले. धोतर वर खोचलेलं, खांद्यावर फावडं, साठीचा माणूस आणि सगळ्यांच्या पुढे. मला बघून त्यांना आनंद झाला, खरंच झाला. "पव्या, बरा आलास! चल रं, खांड गेली दिसतंय, भात जाईल सगला!" माझ्या दंडाला धरून त्यांनी ओढलंसुद्धा. मी गाडीवरून उतरलो. दहा-पंधरा पावलं मी त्यांच्या मागे गेलो. तेवढ्यातच त्यांनी वळून बघितलं असणार. म्हणून ते म्हणाले, माझ्या मागंच होता.

मी म्हटलं, "भावजी..." पुढचं तोंडातून निघालं नाही. ओरडलो असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होतो. नाही ओरडलो. मग मी थांबलो, आणि वारा बघितला. शिकवलं होतं तसं. देवळावरचा झेंडा बघितला, वारा खाडीकडून आहे हे बघितलं, आणि वाऱ्याला आडवा निघालो. पळालो नाही, पळायचं नसतं, भरभर चालायचं असतं. शाळेच्या पटांगणात आलो. तिथे आम्हीच लावलेली हिरवी पाटी आहे, 'एकत्र जमण्याचे ठिकाण'. तिच्याखाली जाऊन उभा राहिलो. शाळेला सुट्टी होती. पटांगणात कुणी नव्हतं.

तिथे मी उभा होतो तेव्हा तो आवाज झाला.

मग मी गाडीकडे गेलो, गावाच्या मागच्या रस्त्याने वडखळच्या वाटेला लागलो, आणि थोडं पुढे जाऊन परत वळलो. गावात शिरताना मला माणसांनी बघितलं पाहिजे, वडखळकडून येताना. ट्रेलर खरंच आडवा झाला होता, आदल्या दिवशी. तो मी वापरला.

सोमवारी सकाळी मी मॅडमकडे जाऊन हे जबाबात घालून येणार आहे. तुझ्याआधी त्यांना सांगायचं नव्हतं, म्हणून हे पत्र आधी. पोस्टाने पाठवत नाही, ऋतुजाच्या नवऱ्याच्या हाती देतोय, म्हणजे ते तुला आजच मिळेल. माफी मागत नाही. दार उघड असंही म्हणत नाही. तू विचारलंस, मी कुठे होतो, त्याचं उत्तर देतोय.

भावजींचं काही चुकलं नाही, हे आता अहवालात आहे. माझंही त्या दिवशी नियमाप्रमाणे काही चुकलं नाही, ताई. भोंगा ओळखला, वारा बघितला, ठरलेल्या जागी पोचलो. सबंध गावात शिकवलेला माणूस मी एकटा होतो, आणि मी बरोबर वागलो.

प्रविण